समोरचा दात गेलाय, इम्प्लांट करायचंय? ड्रिल लावण्याआधी कॉम्प्युटरवरची आखणी समजून घ्या

गावाकडं समोरचा दात जायची कारणं ठरलेली आहेत. रात्री स्पीडब्रेकर दिसला नाही आणि दुचाकी घसरली. कबड्डीत कोपर लागलं. गोठ्यात जनावराचं शिंग बसलं. नाहीतर शाळेत असताना आपटलेला दात आतून मेला, हळूहळू काळा पडला आणि पंचविशीत ऊस खाताना मोडला.

दाढ गेली तर माणूस दुसऱ्या बाजूनं चावून वर्षानुवर्षं काढतो. समोरचा दात गेला की तसं होत नाही. बोलताना हात तोंडावर जातो, फोटोत ओठ मिटले जातात, ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटत नाहीत. त्यात घरात लग्नाची बोलणी सुरू असली की घाई होते. “डॉक्टर, पंधरा दिवसांत बसवून द्या” ही मागणी तिथूनच येते.

आणि नेमकं इथंच जपायला हवं. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला एकदा धरून बसलं की तो तारा लावून सरकवता येत नाही. दीड-दोन मिलिमीटर पुढं बसला तर काही वर्षांत हिरडी वर सरकते, दात लांबडा दिसतो, हिरडीतून करडी छटा दिसायला लागते. मग तो काढायचा तर त्याच्यासोबत हाडही जातं. म्हणून समोरच्या दातासाठी ड्रिल हातात घेण्याआधी कॉम्प्युटरवर आखणी करतात. तिलाच डिजिटल प्लॅनिंग म्हणतात. ती काय असते, कशी होते, तिचा फायदा किती आणि मर्यादा काय, हे या लेखात पाहू.

आधी हे : निखळलेला दात फेकू नका

मारानं पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो परत बसवता येण्याची शक्यता असते, आणि बसला तर इम्प्लांटची गरज निदान लगेच तरी पडत नाही. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाण्यानं काही सेकंद विसळा, घासू नका. जमत असेल तर लगेच खाचेत बसवा, स्वच्छ रुमाल चावून धरा आणि दवाखाना गाठा. बसवायची हिंमत होत नसेल तर दात थंड दुधात टाकून न्या. गावात दूध मिळणं अवघड नाही. पहिला एक तास फार मोलाचा असतो. दात कोरडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला तर मुळावरच्या पेशी मरतात. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. आणि जखमेला माती लागली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

त्याचे तीन भाग असतात. हाडातला स्क्रू, त्यावर बसणारा जोडभाग (याला डॉक्टर अबटमेंट म्हणतात) आणि वर दिसणारी कॅप, म्हणजे दात.

टायटॅनियमला हाड चिकटतं ही गोष्ट स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रेनमार्क यांच्या १९५० च्या दशकात सशावरच्या प्रयोगांत लक्षात आली. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेना, इतकं ते हाडानं धरलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. आजचे इम्प्लांट त्याच तत्त्वावर चालतात.

सुरुवातीच्या काळात हाड जिथं भरपूर असेल तिथं स्क्रू बसवायचे आणि मग दात त्याच्याशी जुळवून घ्यायचे. दाढेला ते एकवेळ चालून जायचं. समोर चालत नाही. म्हणून आता उलट जातात : आधी दात कुठं दिसायला हवा ते ठरवायचं, मग त्याच्या खाली स्क्रू कुठं हवा ते ठरवायचं, आणि तिथं हाड कमी असेल तर हाडाची सोय करायची. डिजिटल प्लॅनिंगचा सगळा गाभा एवढाच आहे.

समोरचाच दात एवढा अवघड का?

पहिलं कारण हाड. वरच्या पटाशीच्या दातांच्या पुढच्या बाजूला हाडाची भिंत फार पातळ असते, बऱ्याच लोकांत एक मिलिमीटरपेक्षाही कमी. दात काढला की ही पातळ भिंत लवकर झिजते. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. “दात काढून चार वर्षं झाली, आता बसवू” म्हणणाऱ्या माणसाच्या जबड्यात त्या जागी बोटाला खड्डा लागतो, तो यामुळंच.

दुसरं कारण हिरडी. दोन दातांच्या मधे हिरडीचं जे टोकदार त्रिकोणी टोक असतं, ते गेलं तर काळी फट दिसते. ते टोक टिकणं खालच्या हाडावर अवलंबून असतं. नैसर्गिक दातांवर १९९२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की दोन दात जिथं एकमेकांना टेकतात तिथपासून हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर ते टोक जवळपास नेहमी भरलेलं असतं. अंतर ६ मिलिमीटर झालं तर निम्म्याच्या आसपास ठिकाणी, आणि ७ झालं तर साधारण पाव ठिकाणीच. एका मिलिमीटरनं एवढा फरक पडतो.

तिसरं कारण हसणं. काही लोक हसले की फक्त दात दिसतात, काहींची हिरडीही दिसते. हिरडी दिसणाऱ्यांत जराशी चूकही झाकली जात नाही. हिरडी पातळ असेल तर जोखीम आणखी वाढते.

डिजिटल प्लॅनिंग : पायरी पायरीनं

*१. तपासणी आणि फोटो.* डॉक्टर तोंड तपासतात, बाकीच्या दातांची कीड आणि हिरड्यांचा आजार बघतात. मग ओठ सैल असताना, बोलताना आणि मोकळं हसताना असे फोटो किंवा छोटा व्हिडिओ घेतात. हसताना ओठ कुठपर्यंत वर जातो हे त्यातून कळतं. इथं लाजून अर्धवट हसू नका, पुढचा हिशेब त्यावरच असतो.

*२. सीबीसीटी स्कॅन.* हा जबड्याचा त्रिमितीय एक्सरे. यंत्र डोक्याभोवती एक फेरा मारतं. दाताच्या साध्या एक्सरेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही, आणि समोरच्या दातात खरा प्रश्न जाडीचाच असतो. हे तंत्र १९९० च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये पुढं आलं. दवाखान्यातल्या मोठ्या सीटी स्कॅनपेक्षा यात किरणं सहसा बरीच कमी लागतात. तरी गरजेपुरत्या भागाचाच स्कॅन घ्यावा. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगावं. स्कॅन चालू असताना मान हलली तर चित्र धूसर येतं आणि पुढचं सगळं चुकतं.

*३. तोंडाचा स्कॅन.* पूर्वी ट्रेमध्ये लगदा भरून दातांचं माप घ्यायचे, अनेकांना उलटीसारखं व्हायचं. आता पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर दात-हिरडीचं हुबेहूब चित्र तयार होतं. तालुक्याच्या दवाखान्यात असा कॅमेरा नसला म्हणून अडत नाही. नेहमीचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा आणि तो साचा लॅबमध्ये स्कॅन करायचा, असंही चालतं.

*४. दोन्ही चित्रं एकावर एक.* सीबीसीटीत हाड नीट दिसतं, हिरडी नीट दिसत नाही. कॅमेऱ्याच्या स्कॅनमध्ये हिरडी आणि दात दिसतात, हाड दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीतले तेच दात जुळवून चित्रं एकत्र करतात. गाव नकाशा आणि मोजणीचा नकाशा बांधाच्या दगडावर जुळवावा तसा हा प्रकार. तोंडात धातूच्या कॅप जास्त असतील तर सीबीसीटीत पांढरे पट्टे येतात आणि जुळवणी अवघड होते. म्हणून जुन्या कॅपची माहिती आधीच द्या.

*५. आधी दात काढायचा, तोही पडद्यावर.* रिकाम्या जागी भविष्यातला दात चित्रात बसवतात. बऱ्याचदा दुसऱ्या बाजूच्या शाबूत दाताचं आरशातलं प्रतिबिंब घेऊन तेच इकडं लावतात. हे चित्र तुम्हाला बघता येतं. आकार, लांबी, दातांमधली फट ठेवायची की मिटवायची, हे सांगायची वेळ हीच. सिमेंट ओतल्यावर खिडकी सरकवा म्हणून चालत नाही.

*६. आता स्क्रूची जागा.* त्या दाताच्या चित्राखाली सॉफ्टवेअरमधला स्क्रू ठेवून पुढं-मागं, वर-खाली, तिरका-सरळ करून पाहतात. याचे हिशेब पुढं दिलेत.

*७. गाइड छापणं.* आखणी पक्की झाली की थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचा एक साचा छापतात. तो शेजारच्या दातांवर घट्ट बसतो आणि त्यात ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात भोक असतं. ड्रिल त्या भोकातूनच आत जातं. याला सर्जिकल गाइड म्हणतात. काही मोठ्या केंद्रांत गाइडऐवजी कॅमेऱ्यानं ड्रिलचा माग ठेवून पडद्यावर दाखवणारी यंत्रणाही असते.

मिलिमीटरचा हिशेब

हे आकडे डॉक्टरांनी पाळायचे असले तरी रुग्णाला माहीत असलेले बरे. आखणीचं चित्र दाखवताना तुम्ही त्यावर प्रश्न विचारू शकता.

– स्क्रू आणि शेजारचा दात यांच्यात दोन्ही बाजूंना निदान १.५ मिलिमीटर हाड हवं.
– दोन स्क्रू शेजारी शेजारी असतील तर त्यांच्यात निदान ३ मिलिमीटर हवेत.
– स्क्रूच्या पुढं, ओठाच्या बाजूला, शक्यतो २ मिलिमीटर हाड राहावं.
– स्क्रूचं तोंड दाताच्या ठरवलेल्या हिरडीच्या कडेपासून साधारण ३ ते ४ मिलिमीटर आत असावं. त्याहून उथळ असलं तर कॅपला हिरडीतून नैसर्गिक आकारात बाहेर यायला जागा मिळत नाही. फार खोल असलं तर हाड झिजायची भीती.
– स्क्रूचा रोख शक्यतो दाताच्या मागच्या, टाळूकडच्या बाजूला निघावा. म्हणजे कॅप घट्ट करायचं भोक मागं लपतं.

आता उदाहरण. वरचा मधला पटाशीचा दात साधारण ८.५ मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंचे दीड-दीड वजा केले की साडेपाच उरतात, म्हणजे ४ मिलिमीटरच्या आसपासचा स्क्रू आरामात बसतो. त्याच्या शेजारचा दात साधारण साडेसहा. त्यातून तीन गेले की राहिले साडेतीन. तिथं ३ ते ३.५ मिलिमीटरचा बारीक स्क्रूच लागतो. खालचे पटाशीचे दात तर पाच-साडेपाच मिलिमीटरचेच. तीन वजा केल्यावर दोन-अडीच उरतात, तिथं नेहमीचा स्क्रू मावतच नाही. म्हणून खालचे चारही दात गेले तर चार स्क्रू न लावता दोनच लावून त्यावर चार दातांचा पूल करतात. कोणी “चार दात, चार इम्प्लांट” असा भाव सांगत असेल तर हा हिशेब विचारा. हे आकडे दाताच्या रुंदीचे आहेत. प्रत्यक्षात मुळांमधलं अंतर सीबीसीटीवर मोजूनच ठरवतात.

जाडीचंही तसंच. हाड ७ मिलिमीटर जाड असेल तर ४ चा स्क्रू, पुढं २ आणि मागं १, हिशेब जुळला. हाड साडेचारच असेल तर तोच स्क्रू पुढची भिंत फोडून बाहेर डोकावेल. तिथं आधी किंवा सोबत हाड भरावं लागतं, आणि हे ऑपरेशनच्या टेबलवर नव्हे तर आठ-पंधरा दिवस आधी कळतं, हा आखणीचा मोठा फायदा.

वरच्या मधल्या दोन दातांच्या मागं टाळूत एक नस जाण्याची नळी असते, वर नाकाचा तळ असतो. स्क्रू तिकडं जाऊ नये हेही चित्रातच बघून घेतात.

हाड भरायचं म्हणजे काय भरतात?

कधी रुग्णाचंच हाड खरवडून घेतात, कधी तयार दाणे वापरतात. हे तयार दाणे अनेकदा गाय-बैल किंवा डुक्कर यांच्या हाडापासून प्रक्रिया करून बनवलेले असतात, काही माणसाच्या हाडाचे, तर काही पूर्ण कृत्रिमही असतात. वर झाकायचा पडदाही प्राण्यांपासून बनलेला असू शकतो. ज्यांना धर्माच्या किंवा खाण्यापिण्याच्या नियमांमुळं अडचण वाटते त्यांनी आधीच स्पष्ट विचारावं. पर्याय मिळू शकतो. नंतर कळून मनाला लागण्यापेक्षा हे बरं.

ऑपरेशनच्या दिवशी

फक्त त्या जागेपुरती भूल देतात. गाइड बसवतात. त्यात ठेवलेल्या छोट्या खिडक्यांतून तो दातांवर पूर्ण टेकलाय ना, हे बघतात. गाइड डुगडुगत असेल तर तो वापरू नये, कारण मग भोक चुकीच्या जागी पण अगदी सफाईनं पडेल.

ड्रिल चालताना पाण्याचा फवारा सतत लागतो. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होऊ शकते, हे १९८० च्या दशकात प्रयोगांत दिसलं आहे. गाइडमुळं पाणी आत पोचायला अडतं, म्हणून ड्रिल थांबून थांबून, मागं घेत चालवावं लागतं.

स्क्रू घट्ट बसला, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतक्या ताकदीनं, तर काही रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. हा दात दिसण्यापुरता असतो. खालच्या दातांना तो टेकू नये असा ठेवतात आणि त्यानं भाकरी तोडायची नाही, कणीस खायचं नाही. स्क्रू तेवढा घट्ट नसेल तर काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात देतात. म्हणजे तोंड रिकामं ठेवायची वेळ सहसा येत नाही.

पुढं हाड धरायला साधारण तीन-चार महिने. हाड भरलं असेल तर आणखी जास्त. मधल्या काळात तात्पुरत्या दाताच्या आकारानं हिरडीला वळण देतात, मग शेवटचं माप आणि पक्की कॅप. आखणी कॉम्प्युटरवर झाली म्हणून हाड भरून यायचा वेळ कमी होत नाही. पेरणी ट्रॅक्टरनं केली म्हणून ज्वारी महिन्यात येत नाही, तसंच हे.

दात काढल्यावर कधी?

चार वेळा असतात. दात काढला त्याच दिवशी; हिरडी भरल्यावर चार ते आठ आठवड्यांनी; हाड थोडं भरल्यावर तीन-चार महिन्यांनी; किंवा सहा महिन्यांनंतर. त्याच दिवशी लावणं ऐकायला सोपं वाटतं, पण पुढची हाडाची भिंत शाबूत, हिरडी जाड आणि जागेत पू नसेल तरच ते शोभतं. ज्यांच्यात ही भिंत पातळ किंवा फुटकी आहे त्यांच्यात महिना-दोन महिने थांबणं फायद्याचं ठरतं. कोणती वेळ तुमची, हे स्कॅन पाहिल्यावरच सांगता येतं.

डिजिटल म्हणजे शंभर टक्के बिनचूक?

नाही. कॉम्प्युटरच्या आखणीनं बसवलेले स्क्रू प्रत्यक्षात ठरलेल्या जागेपासून किती हलले, यावरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी फरक स्क्रूच्या तोंडाशी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात ३.५ अंश निघाला. म्हणून नस आणि मुळांपासून साधारण २ मिलिमीटरचं राखीव अंतर सोडतात. स्कॅनमध्ये मान हलली, चित्रं नीट जुळली नाहीत, प्रिंट वाकडी आली, गाइड पूर्ण बसला नाही, यातली प्रत्येक चूक पुढच्या चुकीत मिसळते.

आणि सॉफ्टवेअर निर्णय घेत नाही. स्क्रू कुठं ठेवायचा हे शेवटी माणूसच ठरवतो. गाइडमधून दात बसवणाऱ्या डॉक्टरला गाइड न बसल्यास हातानं काम पुरं करता आलं पाहिजे, नाहीतर ते थांबवता आलं पाहिजे.

कोणी थांबावं?

*वाढीचं वय.* शाळकरी मुला-मुलींना समोर इम्प्लांट लावू नये. नैसर्गिक दात जबड्यासोबत खाली सरकत राहतात, इम्प्लांट मात्र भिंतीतल्या खुंटीसारखं जागेवरच राहतं. काही वर्षांत तो दात आखूड आणि आत गेलेला दिसतो. मुलींत साधारण अठरा आणि मुलांत वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबायला सांगतात. नुसत्या वयापेक्षा वाढ थांबली का हे तपासणं महत्त्वाचं. तोवर चिकटवलेला किंवा काढता येणारा दात चालतो.

*तंबाखू, बिडी, मशेरी.* धूम्रपानानं इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. मशेरी आणि तंबाखूची गोळी जिथं धरतात तिथली हिरडी आधीच खराब झालेली असते. डॉक्टरांपासून हे लपवू नका. घरातल्या बायकांची मशेरी बऱ्याचदा कोणी विचारतच नाही. तीही सांगा.

*साखर.* मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. पण साखर ताब्यात हवी. त्यासाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या.

*औषधं.* रक्त पातळ करायची गोळी, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची गोळी किंवा इंजेक्शन, कर्करोगासाठी जबड्याला दिलेलं रेडिएशन, हे सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

इम्प्लांटशिवाय काय पर्याय?

मूळ शाबूत असेल आणि वरचाच तुकडा मोडला असेल तर रूट कॅनल, आत आधाराची काडी आणि कॅप एवढ्यावर भागतं. आपला दात वाचत असेल तर तो काढून इम्प्लांट लावायची घाई करू नये. शेजारच्या एका दाताला मागून पंख चिकटवून बसवायचा दात हा तरुण मुलांसाठी चांगला पर्याय आहे, यात शेजारचे दात फारसे घासावे लागत नाहीत. नेहमीच्या पुलात दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात, मात्र ते आधीच कॅपचे असतील तर पूलच बरा. काढता-घालता येणारा दात स्वस्त पडतो, पण रोज काढून धुवावा लागतो. काहींत तारा लावून जागाच मिटवता येते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

– डॉक्टरांची राज्य दंत परिषदेकडची नोंदणी आहे का? दात बसवण्याचं काम नोंदणीकृत दंतवैद्यानंच करायचं असतं, कायदा तसाच आहे.
– माझा सीबीसीटी काढणार का? त्याची मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या, नुसता छापील कागद नको. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरं मत घ्यायचं झालं तर तीच फाइल लागते, पुन्हा स्कॅन आणि पुन्हा खर्च वाचतो.
– आखणीचं चित्र मला दाखवणार का? दात, हाड आणि स्क्रू तिन्ही एका चित्रात असलं पाहिजे.
– खर्च भागवार लिहून द्या : स्कॅन, गाइड, स्क्रू, हाड भरणं, तात्पुरता दात, जोडभाग, पक्की कॅप. “इम्प्लांट एवढ्याला” या एका आकड्यात बऱ्याचदा नुसता स्क्रूच असतो.
– स्क्रूची कंपनी, प्रकार, माप आणि बॅच क्रमांकाचा स्टिकर माझ्या कार्डावर लावाल ना? दहा वर्षांनी आतला छोटा स्क्रू सैल झाला तर त्याच मापाचा सुटा भाग लागतो. नाव माहीत नसेल तर कुठलाच डॉक्टर सहज हात घालत नाही.
– स्क्रू धरला नाही तर पुढं काय आणि त्याचा खर्च कोणाचा?

सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. याशिवाय राज्यात खासगी दंत महाविद्यालयंही बरीच आहेत. तिथं तपासणी आणि दुसरं मत मिळू शकतं. इम्प्लांटची सोय आणि दर त्या त्या ठिकाणी जाऊन विचारावेत. आरोग्य विमा असेल तर अपघातात गेलेल्या दाताबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचा आणि अपघाताचे कागद जपून ठेवा.

फेऱ्यांचं गणित

तपासणी, स्कॅन, आखणी बघणं, ऑपरेशन, टाके, हिरडीला वळण, माप, पक्का दात असं धरलं तर सहा-आठ फेऱ्या सहज होतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी, द्राक्षाच्या छाटणीत अडकणाऱ्यांनी हंगाम आधीच सांगावा. तोडीवरून परतल्यावर काम सुरू केलं तर पुढच्या हंगामाआधी पक्का दात बसू शकतो. तात्पुरता दात घेऊन सहा महिने परजिल्ह्यात जाणं मात्र टाळा. लग्नाचंही तसंच. तारीख दोन महिन्यांवर असेल तर चांगला तात्पुरता दात लावून लग्न उरका, पक्कं काम नंतर निवांत करा. फोटोत कोणाला फरक कळत नाही.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

*दुखतं का?* भूल असते, त्यामुळं करताना दाबल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. नंतर दोन-तीन दिवस सूज असू शकते.

*गाइड वापरला म्हणजे टाकेच नाहीत?* हाड आणि हिरडी भरपूर असेल तर हिरडी न उघडता करता येतं. हाड भरायचं असेल तर उघडावीच लागते.

*किती वर्षं टिकतं?* नीट बसवलं आणि नीट ठेवलं तर अनेक वर्षं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडीचा आजार लागतो आणि हाड खातो. रोज दोनदा ब्रश, मधल्या जागेसाठी दोरा किंवा छोटा ब्रश, आणि सहा महिन्यांनी तपासणी हवीच.

*एमआरआय करता येतो का?* टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळं सहसा अडचण येत नाही. तरी तंत्रज्ञाला आधी सांगा, आणि तुमचं इम्प्लांट कार्ड सोबत न्या.